चाई, टेन्शन आणि डिप्रेशन : केस जातात तेव्हा मनाचं काय होतं

"टेन्शन घेतलंस म्हणून केस गेले, आता टेन्शन सोड म्हणजे येतील परत." चाई पडलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं, आईकडून, शेजारच्या काकूंकडून, सलूनवाल्याकडून आणि कधी कधी घाईत असलेल्या डॉक्टरांकडूनसुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हे मीच ओढवून घेतलंय, आणि केस अजून येत नाहीयेत म्हणजे मला अजून शांत राहता येत नाहीये, म्हणजे आता त्याचंही टेन्शन. आमच्या जवळच्या नात्यात हा आजार आहे, त्यामुळे हे वाक्य आणि त्यानंतरचा पडलेला चेहरा दोन्ही मी खूप वेळा बघितलंय. म्हणून चाईचं आणि मनाचं नातं खरंच काय आहे, त्यातलं किती पक्कं माहिती आहे आणि किती उगाच बोललं जातं, ते जमेल तितकं सोपं करून लिहितेय.

आधी आजार समजून घेऊ. चाई म्हणजे अलोपेशिया एरियाटा. डोक्यावर अचानक एक गोल, गुळगुळीत, नाण्याएवढा चट्टा दिसतो, खाज नाही, दुखणं नाही, खपली नाही, नुसते केस नाहीत. बऱ्याचदा स्वतःला कळतही नाही, केस कापणारा किंवा वेणी घालणारी आई सांगते. काहींना दाढीत पडते, काहींना भुवईत, पापण्यांत. बहुतेकांचं प्रकरण एकदोन चट्ट्यांवर थांबतं, पण थोड्या लोकांमध्ये अख्खं डोकं रिकामं होतं आणि त्याहून थोड्यांमध्ये अंगावरचा एकूण एक केस जातो. दर १०० माणसांमागे साधारण २ जणांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, म्हणजे हा काही दुर्मिळ आजार नाही, लपवला जातो म्हणून दुर्मिळ वाटतो. कुठल्याही वयात होतो, पण सुरुवात बऱ्याचदा चाळिशीच्या आत, आणि लहान मुलांमध्येही भरपूर.

हे का होतं? आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते म्हणून. शरीरात काही जागा अशा आहेत की तिथे या संरक्षक पेशींनी सहसा लक्ष घालायचं नाही असा बंदोबस्त असतो, वाढत्या केसाचं मूळ ही त्यातलीच एक, म्हणजे पोलीस गस्त घालायला जात नाहीत अशी एखादी गल्ली असावी तसं. काही कारणाने तो बंदोबस्त मोडतो, टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी मुळाभोवती गर्दी करतात, इंटरफेरॉन नावाची रसायनं सुटतात, मूळ गांगरून केस बनवणं बंद करतं आणि असलेला केस गळून जातो. महत्त्वाची गोष्ट ही की मूळ मरत नाही. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या डोक्यावरसुद्धा केस परत येऊ शकतात ते याच्यामुळे. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांच्या टीमने या आजारामागची बरीच जनुकं शोधून काढली, त्यातली कित्येक इतर ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा, आजारांशी जुळणारी निघाली. क्रिस्टियानो यांना स्वतःलाही चाई आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे हा आजार किड्याने होत नाही, एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरल्याने होत नाही, अस्वच्छतेने होत नाही. (लहान मुलांच्या डोक्यात बुरशीमुळे चट्टे पडतात ते वेगळे, त्यात खपल्या असतात, खाज असते आणि ते मात्र पसरतात, म्हणून एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचंच.) आणि कांद्याचा रस, लसूण चोळणं, गुंजेचा लेप यांचं नाव एवढं का झालं त्याचंही उत्तर इथेच आहे. एकदोनच चट्टे असतील तर जवळपास निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप येतात, त्या काळात जे काही चोळलं असेल त्याला श्रेय मिळतं. लसणाने कातडी भाजलेली पोरं स्किन ओपीडीत येतात, त्यामुळे प्लीज हे करू नका.

आता मनाकडे. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी कॉम्प्युटरवर असतात, आणि १९८६ ते २०१२ या काळातल्या लाखो माणसांच्या तशा नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही बाजूंनी बघितलं होतं. चाई असलेल्यांना पुढे डिप्रेशन येण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण ३४ टक्क्यांनी जास्त दिसला. आणि उलट बाजूने, आधी डिप्रेशन असलेल्यांना पुढे चाई पडण्याचा धोका जवळजवळ ९० टक्क्यांनी जास्त. शिवाय डिप्रेशनवाल्यांपैकी जे औषधं घेत होते त्यांच्यात चाईचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा कमी. आता ९० टक्के वाचून घाबरू नका, मुळात धोकाच लहान आहे, लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो, डिप्रेशन असलेल्या बहुतांश लोकांना चाई कधीच पडत नाही. आणि अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत फिरतात एवढं कळतं, एकामुळेच दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. पण एक नक्की कळतं, की रस्ता एकेरी नाहीये. २०२२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासातही चाईचं निदान झाल्यावर डिप्रेशन आणि अँग्झायटी सुरू होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांश जास्त दिसला, आणि कामावरून आजारपणाची रजा, बेरोजगार म्हणून नोंद होणं हेसुद्धा जास्त. केस गेल्याने नोकरीपर्यंत परिणाम होतो हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

केस जाण्याने माणूस एवढा का कोसळतो? एक कारण शरीरातलंच असू शकतं. इंटरफेरॉनचं नाव वर आलं, त्याच कुटुंबातलं इंटरफेरॉन अल्फा हे औषध पूर्वी हेपॅटायटिस सीसाठी इंजेक्शनमधून द्यायचे, आणि ते घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना डिप्रेशन यायचं, आधी मनाचा काहीच त्रास नसलेल्या माणसांनासुद्धा. म्हणजे शरीरात सूज वाढवणारी रसायनं मनावर परिणाम करू शकतात हे डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय. चाईमध्ये हे नेमकं किती घडतं हे अजून शोधलं जातंय, पण "शरीराचं वेगळं, मनाचं वेगळं" ही आपली जुनी वाटणी इथे टिकत नाही हे नक्की. दुसरं म्हणजे थायरॉइड. चाईवाल्यांमध्ये थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार जास्त सापडतात, आणि थायरॉइड कमी पडलं की थकवा, उदासपणा, कशातच रस नसणं हे सगळं येतं, जे बाहेरून डिप्रेशनसारखंच दिसतं. एका साध्या रक्त तपासणीत कळणारी गोष्ट आहे, ती "केसांच्या दुःखामुळे असेल" म्हणून राहून जाऊ नये.

बाकीचं कारण मात्र आपण आहोत, आजूबाजूची माणसं.

आपल्याकडे केस नसलेल्या डोक्याचे अर्थ ठरलेले आहेत. पुरुषाचं डोकं सफाचट दिसलं की "घरी कोण गेलं?", बाईचं दिसलं की "कॅन्सर आहे का हो?". आणि बाईच्या बाबतीत त्यामागे फार जुनी जखम आहे. विधवेचं केशवपन ही काही दंतकथा नाही, चारपाच पिढ्यांपूर्वी आपल्याच घरांमध्ये घडत होतं, ते इतकं सर्रास होतं की १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आम्ही हे काम करणार नाही असं जाहीर केलं. केस काढून घेणं म्हणजे बाईला समाजातून काढून टाकणं हे ज्या समाजात एवढा काळ चाललं, तिथे तिशीतल्या मुलीला केस गेल्यावर नुसतं "वाईट वाटतं" एवढंच होत नाही. गजरा, अंबाडा, लग्नातली खोपा घातलेली वेणी, हळदीकुंकवाला जायचं तर डोकं कसं झाकायचं, सगळं एका झटक्यात प्रश्न होऊन बसतं. स्थळ बघायला येणार असतील तर सांगायचं का, आधी सांगायचं की नंतर, आणि घरचे म्हणतात लपव. लपवण्याचा थकवा किती असतो ते लपवणाऱ्यालाच माहीत, विग सरकेल म्हणून ती मुलगी ट्रेनच्या दारात उभी राहत नाही, पावसात बाहेर पडत नाही, पोहायला जात नाही, मैत्रिणीकडे राहायला जात नाही, आणि बाहेरून लोकांना वाटतं ही घुमी झालीये.

बुलढाण्याचं तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड वगैरे गावांमध्ये काही दिवसांत लोकांची टकलं पडली. ती चाई नव्हती हे स्पष्ट सांगते, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत सेलेनियम या खनिजाचं प्रमाण जास्त सापडलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पण कारण कळायच्या आधीच "टक्कल व्हायरस" हे नाव सगळीकडे पसरलं, आणि त्या गावच्या माणसांना लोक लांब ठेवायला लागले, तरुण पोरांना लग्न जमण्याची काळजी लागली. केस गेलेल्या माणसाशी आपण किती पटकन असं वागतो ते तिथे अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं. चाई असलेला माणूस हेच एकटा सहन करतो, त्याच्या सोबत गावसुद्धा नसतं.

पुरुषांना काय, टक्कल चालतं, असंही लोक म्हणतात. वय झाल्यावर हळूहळू मागे सरकणारे केस आणि चोविसाव्या वर्षी तीन महिन्यांत भुवया, पापण्या, दाढी सगळं जाणं यात खूप फरक आहे. भुवया गेल्या की चेहरा बदलतो, ओळखीची माणसं क्षणभर ओळखत नाहीत, आरशात स्वतःलाच आपण वेगळे वाटतो. पापण्या नसल्या की डोळ्यांत धूळ जाते, भुवया नसल्या की घाम सरळ डोळ्यांत उतरतो. आणि पुरुषाने यावर रडायचंही नाही अशी अपेक्षा, त्यामुळे तो रडत नाही, चिडचिड करतो किंवा प्यायला लागतो, आणि ते डिप्रेशन आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही. लहान मुलांचं अजून वेगळं. शाळेत टोपी ओढतात, टकल्या म्हणतात, मग पोट दुखतंय म्हणून शाळा बुडते. मूल स्वतः कधी कधी सहज घेतं पण आईवडील इतके खचलेले असतात की मुलाला वाटतं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय.

अजून एक गोष्ट, जी बाहेरच्यांना पटकन कळत नाही. चट्टा किती मोठा आहे यावरून त्रास किती आहे ते ठरत नाही. एका नाण्याएवढ्या चट्ट्याने माणूस रात्र रात्र जागू शकतो, कारण या आजाराला वेळापत्रकच नाही. आज एक चट्टा भरला, उद्या दुसरीकडे पडला, पाच वर्षं काही नाही आणि मग एका महिन्यात सगळं. उद्या काय होईल हे डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत, आणि रोज सकाळी उशीवरचे केस मोजणं ही सवय इथूनच लागते.

मग टेन्शनमुळे चाई पडते की नाही? खरं उत्तर असं, की काही जणांमध्ये मोठ्या धक्क्यानंतर, आजारपणानंतर सुरुवात झालेली दिसते, आणि मेंदूच्या तणावाच्या यंत्रणेतली रसायनं केसाच्या मुळापर्यंत पोचतात हेही खरंय. पण खूप रुग्णांना आठवूनसुद्धा असं काही कारण सापडत नाही. दोन वर्षांचं बाळ कसलं टेन्शन घेणार? आणि परीक्षा, कर्ज, घटस्फोट यातून गेलेल्या लाखो लोकांना चाई पडत नाही. मुळात जनुकांची तयारी लागते, मग तणाव असलाच तर ठिणगी टाकणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक. त्यामुळे "तू टेन्शन घेतलंस" हे वाक्य विज्ञानाच्या हिशेबानेही अर्धवट आहे, आणि माणुसकीच्या हिशेबाने तर बोलूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं. जाता जाता, धक्का बसून एका रात्रीत केस पांढरे झाले अशा ज्या जुन्या गोष्टी आपण ऐकतो त्यातल्या काहींमागे चाईच असावी असं डॉक्टर मानतात, कारण हा आजार बऱ्याचदा काळे केस आधी पाडतो आणि पांढरे सोडतो, म्हणजे केस पांढरे होत नाहीत, पांढरे तेवढे उरतात.

आता करायचं काय. स्किनच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा मनाबद्दल तुम्हीच बोला, ते विचारतील याची वाट बघू नका, कारण ओपीडीत पाच मिनिटं असतात आणि सगळं लक्ष चट्ट्यावर जातं. झोप लागत नाही, दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच मन लागत नाही, लोकांना टाळतोय, जगावंसं वाटत नाही, यातलं काहीही असेल तर सरळ त्या शब्दांत सांगा. केसांच्या उपचारांबरोबरच समुपदेशक किंवा सायकियाट्रिस्ट, दोन्ही एकाच वेळी. "आधी केस येऊ देत, मग मन आपोआप ठीक होईल" असं बरेच जण ठरवतात, पण केसांना महिने लागतात, तेवढे महिने मनाने थांबायचं कसं?

औषधांबद्दल दोनतीन गोष्टी या विषयाला धरून. थोडे चट्टे असतील तर डॉक्टर चट्ट्यातच स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. पसरलेलं असेल तर कधी पोटातून स्टेरॉइड देतात, आणि त्या गोळ्यांनी स्वतःच झोप उडू शकते, चिडचिड होऊ शकते, मूड एकदम वर नाहीतर एकदम खाली जाऊ शकतो. घरच्यांना हे आधी माहीत असेल तर "हल्ली हा असा का वागतो" यावर भांडणं होत नाहीत. मनाने गोळ्या बंद मात्र करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. जॅक इनहिबिटर ही नवी औषधं मुळाभोवतीच्या त्या गोंधळाचा निरोपच अडवतात. त्यातलं बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या गंभीर चाईसाठी मंजूर झालं, आणि रिटलेसिटिनिब २०२३ मध्ये, १२ वर्षांच्या पुढच्या मुलांनाही चालेल असं. बॅरिसिटिनिबच्या मोठ्या चाचण्यांमध्ये, निम्म्याहून जास्त डोकं रिकामं झालेल्या रुग्णांपैकी, मोठा डोस घेणाऱ्या दर १०० जणांमागे ३६ आठवड्यांनी साधारण ३५ ते ३९ जणांच्या डोक्यावर ८० टक्के किंवा त्याहून जास्त केस आले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ६ जणांच्या. म्हणजे आशा खरी आहे, पण सगळ्यांना येतात असं नाही, आणि ज्याला येत नाहीत त्याला दुसऱ्यांदा धक्का बसतो, त्यासाठी मनाची तयारी आधीच हवी. ही औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, सुरू करण्याआधी टीबीची तपासणी लागते, मेडिकलमधून आपल्या आपण आणून घ्यायची तर अजिबात नाहीत.

उलट बाजूने, डिप्रेशनच्या किंवा मूडच्या काही औषधांनी केस थोडे गळू शकतात, पण ते सगळीकडून विरळ होणं असतं, चाईसारखा गोल गुळगुळीत चट्टा नाही. केस गळताहेत म्हणून मनाच्या गोळ्या परस्पर बंद करणं हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय, गोळी बदलता येते, विचारून बदला.

पैशांमुळे किंवा लाजेमुळे समुपदेशकाकडे जाणं होत नसेल तर टेली मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच लावा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा, फक्त एका.

पुण्यात बालभारतीत काम करणाऱ्या केतकी जानी यांचे फोटो तुम्ही बघितले असतील. चाईत सगळे केस गेले, तो काळ किती वाईट होता हे त्या जाहीरपणे सांगत आल्यात, पुढे त्यांनी विग न घालता डोक्यावर टॅटू काढून घेतला आणि तशाच सौंदर्यस्पर्धेत उतरल्या. मला त्यांचा फार आदर वाटतो. पण प्रत्येकीकडून हीच अपेक्षा करू नका, विग घालणारी भित्री नसते, स्कार्फ बांधणारी हरलेली नसते, कुणाला रोज प्रश्नांची उत्तरं देत बसायची ताकद असते आणि कुणाला नसते. विग घालून ती ऑफिसला नीट जाते आहे, जेवते आहे, झोपते आहे, तर विग हा तिच्यासाठी चांगला उपाय आहे.

घरच्यांनी काय बोलावं हे लोक विचारतात. उपाय सुचवण्याआधी विचारा, "आज कसं वाटतंय, बोलायचंय का?" आणि नको म्हणाली तर सोडा. प्रत्येक भेटीत डोक्याकडे बघून "आले का गं?" म्हणू नका. नातेवाईकांनी पाठवलेले तेलाचे व्हिडिओ पुढे ढकलू नका. लहान मूल असेल तर वर्गशिक्षकांना आईवडिलांनी आधीच भेटून सांगावं की हा आजार पसरत नाही, टोपी घालायची परवानगी द्या, आणि वर्गात कसं सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा, त्याच्या मागे परस्पर नको.

आणि केस आल्यावरही संपत नाही हे लक्षात ठेवा. औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांचे केस पुन्हा जातात, त्यामुळे भरलेल्या डोक्याचा माणूसही मनातून धास्तावलेला असू शकतो, आणि तेव्हा सगळ्यांनी विचारपूस बंद केलेली असते, "आता काय, आले की केस" म्हणून. समुपदेशकाकडची पुढची तारीख त्या आनंदात रद्द करू नका.